झेपणारं कॉलेजच महाग पडतं

शहापूर तालुक्यातल्या डोळखांबच्या पोरांना एमबीएबद्दल हल्ली दोन तोंडांनी सल्ला मिळतो. ठाण्या-मुंबईकडची शिकलेली मंडळी सांगतात, देशातल्या पहिल्या वीस संस्थांत नंबर लागत असेल तर जा, नाहीतर दोन वर्षं आणि पैसे वाचव. गावातले जाणते काका-मामा दुसरंच सांगतात. पोरगं बी.कॉम. झालंय, घरून जाऊन-येऊन करता येईल असं मॅनेजमेंटचं एखादं कॉलेज बघा, झेपेल तेवढी फी भरा, शेवटी डिग्री ती डिग्री. पहिला सल्ला ऐकून पोरगं फॉर्मच भरत नाही, दुसरा ऐकून नको तिथं भरतं. माझं भांडण दोन्हींशी आहे, पण दुसऱ्याशी जास्त. तो मायेपोटी दिलेला असतो, आणि मायेच्या सल्ल्याला कुणी हिशेब विचारत नाही.

तो हिशेब आधी मांडू. समजा जवळच्या कॉलेजची फी वर्षाला सव्वा लाख. दोन वर्षांचे अडीच लाख. घरात चर्चा होते ती एवढ्याच आकड्यावर. पण तेच पोरगं भिवंडीच्या गोदामात किंवा मुरबाडच्या एमआयडीसीत महिना १५ हजारांवर लागलं असतं, तर दोन वर्षांत ३ लाख ६० हजार घरात आले असते. ते आले नाहीत, म्हणजे तेही खर्चातच धरायचे. एकूण ६ लाख १० हजार, गाडीभाडं वेगळं. आता डिग्री घेऊन ते जिथं लागतं तिथं १८ हजार मिळाले, असं धरा. फरक महिन्याला तीन हजारांचा, वर्षाला ३६ हजारांचा. ६ लाख १० हजार वसूल व्हायला सतरा वर्षं लागतात, तीही व्याज न धरता. पोराचं लग्न होऊन त्याचं पोरगं दहावीला बसेपर्यंत आपली ‘झेपणारी’ फी फिटतच असते. अठरा हजार फारच कमी धरले म्हणत असाल तर पंचवीस धरा, मग पाच वर्षं. पण गोदामातल्या पोराचा पगारही त्या दोन वर्षांत तिथंच थांबलेला नसतो. शिफ्ट सांभाळायला लागलेला पोरगा आणि नुकताच एमबीए झालेला पोरगा एकाच खुर्चीसाठी उभे राहिले तर गोदामवाला कुणाला घेईल, हे काका-मामांनाही ठाऊक आहे.

असं का होतं, याचं उत्तर कॉलेज शिकवतं कसं यात फारसं सापडत नाही. प्राध्यापक बरे असतील, पुस्तकं तर सगळीकडे तीच. कोटलरचं मार्केटिंग चर्चगेटला एक आणि महामार्गाकडेच्या कॉलेजात दुसरं, असं होत नाही. मॅनेजमेंटच्या संस्थेतून मुख्यतः दोन गोष्टी मिळतात. एक, चाळणीतून पार पडल्याचा शिक्का. मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञानं १९७३ साली हे मांडलं होतं. नोकरी देणाऱ्याला उमेदवार आतून दिसत नाही, म्हणून तो मिळवायला कठीण असलेल्या खुणेवर भरवसा ठेवतो. या विचाराला पुढं २००१ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. दुसरी गोष्ट म्हणजे ओळखी: वर्गातल्या, जुन्या विद्यार्थ्यांच्या, आणि कॅम्पसवर चालत येणाऱ्या कंपन्यांच्या.

आता जिथं प्रवेश मागेल त्याला मिळतो तिथं शिक्का कसला? आणि जिथं सगळा वर्ग आपल्यासारखाच, तिथं ओळखी कुणाच्या? ठाण्याच्या एखाद्या अधिकाऱ्याचा मुलगा अशाच कॉलेजात गेला तर त्याचं फारसं बिघडत नाही. त्याला डिग्रीचा कागद हवा असतो, नोकरी बाबांच्या मित्राकडून येते. डोळखांबच्या पोराला त्याच कागदाच्या बळावर नोकरी मिळवायची असते, आणि त्या कागदात तेवढं बळ नसतं. कॉलेज एक, फी एक, वर्ग एक. तरी एकाला ते पुरतं आणि दुसऱ्याला बुडवतं. म्हणून ‘हे कॉलेज चांगलं आहे का?’ या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. कुणासाठी, हे आधी सांगा.

आता उलट्या टोकाला चला. चर्चगेटला जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट स्टडीज आहे. मुंबई विद्यापीठानं १९६५ साली स्टॅनफर्डच्या सहकार्यानं ती सुरू केली. सीईओंचा कारखाना म्हणून तिचं नाव घेतलं जातं, आणि पुरावा म्हणून उदय कोटक, अजय पिरामल, हरीश मनवानी, नितीन परांजपे अशी यादी वाचून दाखवली जाते. ही यादी ऐकून मात्र भारावून जाऊ नका. कोटकांच्या घरी कापसाचा व्यापार होता, पिरामलांच्या घरी कापडगिरणी. ही माणसं जमनालाल बजाजला गेली नसती तर उपाशी राहिली असती काय? संस्थेनं त्यांना घडवलं की त्यांनी संस्थेचं नाव घडवलं, हा वाद यादी वाचून मिटत नाही.

हाच वाद अमेरिकेत स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या दोघांनी आकड्यांनी मोजून पाहिला. त्यांचा निबंध २००२ साली प्रसिद्ध झाला. मोठ्या नावाच्या कॉलेजांत प्रवेश मिळूनही जे साध्या कॉलेजात गेले, त्यांची पुढची कमाई मोठ्या कॉलेजात गेलेल्यांच्या बरोबरीची निघाली. म्हणजे हुशार पोरगं कुठंही हुशारच. इथवर वाचून काका-मामा टाळी मागतील. पण त्याच निबंधात एक अपवाद होता: गरीब घरच्या मुलांना मोठ्या कॉलेजचा फायदा खरोखर झालेला दिसला. पुढच्या अभ्यासात, ज्यांचे आईवडील फार शिकलेले नव्हते त्यांच्याबाबतही तेच आढळलं. तो अभ्यास पदवीच्या कॉलेजांचा होता आणि अमेरिकेतला होता, त्यामुळं तो जसाच्या तसा चर्चगेटवर चिकटवता येणार नाही. पण कारण उघड आहे आणि ते इथंही तसंच चालतं. कोटकांच्या घरी धंद्यातल्या माणसांची ऊठबस कॉलेजच्या आधीपासून होती. ज्याच्या घरी ती नाही, त्याला कॉलेजशिवाय ती मिळण्याची दुसरी जागाच नाही. सीईओंच्या कारखान्याची खरी गरज कुणाला असेल तर ती सीईओंच्या पोरांना नाही, आमच्या पोरांना आहे.

पुन्हा हिशेब. जमनालाल बजाजच्या दोन वर्षांच्या एमएमएसची, म्हणजे तिथल्या एमबीएची, फी सहा-सात लाखांच्या आसपास. अहमदाबादच्या आयआयएमची पंचवीस लाखांच्या वर. चर्चगेटलाच राज्य सरकारची सिडनहॅमची मॅनेजमेंट संस्था आहे, १९८३ पासूनची. जमनालाल बजाजची फी, मुंबईत राहण्या-खाण्याचे तीन लाख आणि बुडालेला पगार असं सगळं मिळून तेरा-चौदा लाख धरा. जमनालाल बजाजच्या कॅम्पसवर जो सरासरी पगार सांगितला जातो तो वार्षिक वीस लाखांच्या वर असतो. मी संशयी माणूस आहे, म्हणून बारा धरतो. गोदामातले १ लाख ८० हजार वजा केले तरी वर्षाला दहा लाखांचा फरक. कर, मुंबईचं भाडं, घरी पाठवायचे पैसे काढूनही दोन-तीन वर्षांत सगळं फिटतं. अडीच लाखांचं कॉलेज सतरा वर्षांत फिटेना, आणि सहा लाखांचं तीन वर्षांत फिटतं. यात महाग कोणतं?

‘पण नंबर लागला पाहिजे ना’, हा पुढचा आक्षेप, आणि तो खोटा नाही. खुल्या वर्गातून जमनालाल बजाजला ९९ च्या वर पर्सेंटाइल लागतं. एमबीएच्या राज्य प्रवेश परीक्षेचा, म्हणजे सीईटीचा पेपर इंग्रजीतून, आणि आमची बरीच पोरं दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या किंवा आश्रमशाळेच्या मराठीतून आलेली. पण राज्यात अनुसूचित जमातींसाठी सात टक्के जागा आहेत, इतर मागासवर्गीयांसाठी १९ टक्के. शहापूर-मुरबाडमध्ये महादेव कोळी, ठाकूर, कातकरी, वारली आहेत, कुणबी आणि आगरी आहेत. या जागांचे कटऑफ वेगळे असतात आणि दरवर्षी प्रसिद्ध होतात. ते उघडून किती घरांत बघितले जातात? सरकारी नोकरीच्या भरतीचे कटऑफ आमच्याकडे पोरांना तोंडपाठ असतात. पोलीस भरतीसाठी पहाटे चारला उठून रस्त्यावर धावणारी पोरं आहेत. तेवढीच दोन वर्षं कुणी सीईटीच्या गणिताला आणि इंग्रजी उताऱ्यांना दिली तर काय होईल, हे अजून आम्ही करूनच पाहिलेलं नाही.

पैशाचंही तसंच. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती आणि शुल्कमाफी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून मिळते, आणि वसतिगृहात जागा नसेल तर स्वयंम योजनेतून मुंबईसारख्या शहरात राहण्या-जेवणासाठी वर्षाला ६० हजार. २०२४ च्या जुलैमध्ये राज्य सरकारनं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शुल्क पूर्ण माफ केलं, त्यात इतर मागासवर्ग आणि आर्थिक दुर्बल घटक आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्रानं पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली: निवडक संस्थांत (तेव्हा ८६०) प्रवेश मिळाला तर जामीनदार आणि तारण न देता कर्ज, आणि आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत. शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर येत नाहीत, हे खरं. शहापूरच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयात खेपा घालाव्या लागतात, हेही खरं. पण या सवलतींचा रोख बघा. राज्याच्या बहुतेक सवलती केंद्रीभूत प्रवेश फेरीतून, म्हणजे कॅपमधून प्रवेश घेतला तरच लागू होतात. मॅनेजमेंट कोट्यातून ‘आपली सीट पक्की’ करून बसलेल्या पोराला त्या मिळत नाहीत. म्हणजे पोरगं घाबरून जिथं जातं तिथंच त्याला पूर्ण पैसे मोजावे लागतात.

लांबचं काय? आसनगावहून सीएसएमटी ८६ किलोमीटर, लोकलनं दोन तास, त्याआधी डोळखांबहून आसनगावपर्यंतचा एसटीचा खेळ. रोज जाऊन-येऊन हे होणार नाही, पोराला मुंबईत राहावंच लागेल, पोरीलाही. पोरीला एवढ्या लांब कसं ठेवायचं, असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगतो की भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी रोज आमच्या तालुक्यातून निघून मुंबईला वेळेवर पोहोचतं, त्याची कुणी काळजी करत नाही. पोरींनाही वसतिगृहं आहेत.

आता पहिल्या सल्ल्याकडे. ‘धंदा काय वर्गात शिकवून येतो?’ हे मी सोडून देतो. येत नाही. कॅनडाच्या हेन्री मिंट्झबर्गनं त्यावर २००४ साली अख्खं पुस्तक लिहिलं. पण आमची पोरं धंदा शिकायला जात नाहीत, नोकरीला जातात, तेव्हा तो मुद्दा त्यांना लागू नाही. ‘पहिल्या वीसमध्ये नसेल तर नको’ हा मुद्दा लागू आहे, आणि तो ढिला आहे. असोचेम या उद्योगसंघटनेनं २०१६ साली म्हटलं होतं की वरच्या मोजक्या संस्था सोडल्या तर बाकीच्या एमबीएंपैकी फक्त सात टक्के नोकरीलायक असतात. तेव्हापासून हा सात टक्क्यांचा दगड उचलून प्रत्येक जण मारतो. बाहेर पडलेली पोरं कशी आहेत एवढंच त्यातून कळतं. आत आली तेव्हा कशी होती, आणि संस्थेनं त्यात काय भर घातली, हे त्यातून कळत नाही.

आणि पहिली वीस कुणाच्या यादीतली? केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी २०१६ पासून निघते. मॅनेजमेंट संस्थांच्या गुणांत ३० टक्के वजन अध्यापनाच्या साधनांना, ३० टक्के संशोधनाला, आणि पदवीनंतर विद्यार्थ्यांचं काय झालं याला २० टक्के. ज्या पोराला सहाव्या महिन्याला हप्ता भरायचा आहे त्याला प्राध्यापकांनी किती शोधनिबंध छापले याच्याशी काय करायचंय? कमी फीची, शहराच्या मधोमध असलेली, कंपन्यांना माहीत असलेली छोटी सरकारी संस्था या मोजपट्टीत मागं पडू शकते. आमच्या पोरासाठी ती पहिल्या पाचांत असते.

पण एनआयआरएफचं एक कलम सोन्यासारखं आहे. तिथं भाग घेणाऱ्या संस्थेला आपण दिलेली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर टाकावी लागते. त्यात दरवर्षी किती मुलं आली, किती वेळेत पास झाली, किती नोकरीला लागली आणि लागलेल्यांचा मध्यम पगार किती, हे असतं. मध्यम पगार म्हणजे रांगेतल्या मधल्या पोराचा. सरासरी फसवते: नऊ पोरं तीन लाखांवर आणि एक पस्तीस लाखांवर लागलं तर सरासरी ६ लाख २० हजार येते आणि जाहिरातीत तीच छापतात. मधलं पोरगं तीन लाखांवरच असतं. शिवाय ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ लिहिलेलं असेल तर शंभर कशाचे, ते विचारा. पुष्कळ ठिकाणी ज्यांनी प्लेसमेंटसाठी नाव नोंदवलं त्यांचेच शंभर धरतात. कंटाळून नाव काढून घेतलेली पोरं मोजणीतून गायब. आणि शेवटच्या नोकऱ्यांपेक्षा पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळी इंटर्नशिपची यादी मागा. शेवटच्या वर्षी कुठलीही कंपनी कॉलेजच्या दारात आणून उभी करता येते. इंटर्न मात्र कंपनी तिथूनच घेते जिथल्या पोरांवर तिचा भरवसा असतो.

मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या यात्रेत बैल घ्यायला गेलेला आमचा शेतकरी दात बघतो, खूर बघतो, दोन पावलं चालवून बघतो, आणि मालकानं सांगितलेलं वय हसण्यावारी नेतो. तोच माणूस पोराच्या कॉलेजात गेला की रिसेप्शनची काच आणि एसी बघून चेक फाडतो.

हे फसणं गरिबांचंच असतं असंही नाही. आयआयपीएम नावाच्या संस्थेच्या पानभर जाहिराती ज्यांना आठवत असतील त्यांना आठवेल, आयआयएमच्या पलीकडे बघा म्हणून ती देशभरच्या मध्यमवर्गाला सांगत होती. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तिला एमबीए, बीबीए असे शब्द वापरायला मनाई केली आणि त्यानंतर तिचा पसारा आवरला. शहरातल्या, इंग्रजी वर्तमानपत्रं वाचणाऱ्या घरांनी तिथं लाखो रुपये भरले होते. समृद्धी महामार्गाच्या मोबदल्याचा पैसा शहापूर तालुक्यात आल्यापासून चकचकीत माहितीपत्रकं आमच्याकडेही जास्त दिसायला लागली आहेत. हा योगायोग असेल असं मानायला मी तयार नाही.

एक शेवटचा आक्षेप थोडा वेगळा आहे आणि तो मला खरोखर विचार करायला लावतो. पोरं चर्चगेटला जाणार, मोठी होणार, आणि डोळखांबला परत येणार नाहीत. त्यापेक्षा इथंच राहून इथल्या मालाचा धंदा उभा करावा. उदाहरण तयार असतं: २०२१ साली केंद्र सरकारनं शहापूरच्या कातकरी तरुणांच्या गटाची गोष्ट सांगितली होती. रानातली गुळवेल गोळा करणाऱ्या या गटाला वनधन योजनेच्या आणि ट्रायफेड या सरकारी संस्थेच्या मदतीनं डाबर, बैद्यनाथ, हिमालया अशा कंपन्यांची ३५० टनांची, १ कोटी ५७ लाखांची ऑर्डर मिळाली. कुणी एमबीए नव्हतं. अभिमानाची गोष्ट आहे, वादच नाही. पण भागाकार करून पाहा. किलोला ४५ रुपयांच्या आसपास. त्याच गुळवेलीच्या गोळ्या आणि चूर्ण दुकानात काय भावानं मिळतात, ते कुठल्याही मेडिकलमध्ये जाऊन बघा. मधला फरक ज्या खोलीत ठरतो, तिथं टेबलाच्या दोन्ही बाजूंना आमचं कुणी नसतं. खरेदी खात्यात आमचं पोरगं बसलं म्हणून ते भाव वाढवून देईल, एवढा भाबडा मी नाही. पण माल कुठल्या टप्प्यावर किती महाग होतो, वाळवून, दळून, पाकीट करून दिला तर कंपनी काय मोजेल, हे त्याला माहीत असेल, आणि दिवाळीला घरी आल्यावर ते बोलेल. त्यासाठी त्याला कायमचं परत यायची गरज नाही. भेंडी-काकडी लावणाऱ्या आमच्या शेतकऱ्यालाही वाशीच्या दलालापलीकडचं कुणीतरी माहीत असणं उपयोगाचं आहे.

आता कामाचं. सीईटीचा निकाल लागला की कॅपचा पसंतीक्रम भरायचा असतो. आमच्याकडे तो शहापूरच्या एखाद्या सायबर कॅफेत भरला जातो, किंवा त्याहून वाईट, ‘आम्ही फुकट भरून देतो’ म्हणणाऱ्या कॉलेजच्याच टेबलावर. त्या टेबलावर पहिलं नाव कुणाचं पडतं, ते सांगायला नको. आणि नियम असा आहे की पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती घ्यावीच लागते, पुढच्या फेऱ्या बंद. उलट जमनालाल बजाज, सिडनहॅम अशी आवाक्याबाहेरची वाटणारी नावं वर टाकली आणि मिळाली नाहीत, तर काहीच बिघडत नाही. यंत्रणा आपोआप खालच्या नावाकडे जाते. वरची नावं लिहायला वेगळी फी नाही. त्यामुळं फॉर्म भरायला सोबत जाणाऱ्या काका-मामांनी एवढंच करावं: गेल्या वर्षीचे आपल्या प्रवर्गाचे कटऑफ छापून सोबत न्यावेत, आणि पहिल्या दहा ओळी पोराला, पोरीला स्वतःच्या हातानं भरू द्याव्यात.